जंत गालावर नव्हे, पायाशी शोधा

लेकराच्या गालावर पांढुरका डाग दिसला की आपण लगेच म्हणतो, "पोटात जंत झालेत." मीही माझ्या मुलाला तेच म्हणत होते. डॉक्टरांनी सांगितलं, "ताई, हे डाग बहुधा कोरड्या त्वचेचे असतात."

पण पोटाचं आणि कातडीचं नातं खोटं नाही. ते आपल्या पायाशी आहे. उघड्यावरच्या शौचातून अंकुशकृमीची अंडी ओल्या मातीत पडतात, त्यातून अळ्या निघतात. रोवणीला अनवाणी निघालेल्या बाईच्या तळपायातून त्या आत शिरतात. तिथं खाज सुटते, पुरळ येतं. मग रक्तावाटे फुप्फुसात, तिथून घशात आणि शेवटी आतड्यात. तिथं चिकटून कृमी रक्त पितात. बाई फिकी पडते, तिला दम लागतो. आपण म्हणतो, "कामानं थकली."

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते. रोवणी करणाऱ्या आईचं वय मात्र त्यात बसत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, रक्त तपासाल तेव्हा जंतांबद्दलही आपणहून विचारा. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गोळी नको, पुढे डॉक्टर सांगतील तशी. बांधीच्या चिखलात चप्पल टिकत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण धुऱ्यावर, परसात, शेताच्या वाटेवर तरी ती पायात असू द्या. आणि घरी संडास बांधलाय ना? मग तो पुरुषांनीही वापरायला हवा. तेवढं ठणकावून सांगाच!