दुसरी बाजू

गेल्या महिन्यात भोपाळच्या एका मराठी मंडळात ‘माझी आवडती ध्वनिमुद्रिका’ या विषयावर सभासदांनी आपापल्या आठवणी सांगाव्यात, असा कार्यक्रम झाला. कार्यक्रम रंगला. कोणी बालगंधर्वांच्या पदांविषयी बोलले, कोणी कुमार गंधर्वांच्या ‘गीतवर्षा’विषयी. मग पिपलानीच्या वसाहतीत आयुष्य घालविलेले एक निवृत्त अभियंते उभे राहिले. त्यांनी पिशवीतून ‘पिंक फ्लॉईड’ या इंग्रज वाद्यवृंदाची ‘द डार्क साईड ऑफ द मून’ ही १९७३ सालची ध्वनिमुद्रिका काढली. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर कित्येक महिने आपल्या घरात गाणे म्हणून लागले नाही, आणि पुढे प्रथम जे लागले ते हे, एवढे सांगून हेच का, ते ते सांगू लागले. तोच अध्यक्षस्थानावरून सूचना आली, “आपल्या परंपरेत बसेल असे काही असल्यास सांगावे. हा गोंगाट येथे नको.” गृहस्थ काही न बोलता खाली बसले. मीही काही बोललो नाही. वकिलीवर पोट भरणाऱ्या माणसाने अशा वेळी गप्प राहावे याची शरम वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

सभा संपल्यावर मी अध्यक्षमहाशयांना भेटलो. त्यांचे आक्षेप तीन होते. हा गोंगाट आहे. हे परके आहे. आणि अशा आठवणी सांगणे म्हणजे रसिकता नव्हे, हळवेपणा आहे. तिन्हींचा क्रमाने विचार करू.

गोंगाटाविषयी मी विचारले, “आपण ही ध्वनिमुद्रिका ऐकली आहे काय?” उत्तर आले, “ऐकायची गरज काय? सगळ्यांना ठाऊक आहे.” १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील साठावे कलम असे सांगत असे की, ऐकण्याजोग्या गोष्टीविषयीची साक्ष ज्याने ती स्वतः ऐकली त्याचीच हवी. तो कायदा २०२४ च्या १ जुलैपासून गेला, त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पण हे तत्त्व तेथेही कायम आहे. ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ याला न्यायालयात ऐकीव पुरावा म्हणतात आणि दारातूनच परत पाठवितात. संगीताच्या सभेत, जेथे कानावाचून दुसरे प्रमाणच नाही, तेथे तो अध्यक्षस्थानी विराजमान व्हावा, हे नवल होय!

आता परकेपणा. ज्याला आर्ट रॉक म्हणतात तो प्रकार १९६० नंतरच्या दशकात उत्तरार्धाकडे आकारास आला. तीन मिनिटांचे नाचाचे गाणे सोडून एकच कल्पना संपूर्ण तबकडीभर विस्तारावी, हा त्याचा हट्ट. हा हट्ट शक्य झाला तो एका यांत्रिक सोयीमुळे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. आमच्या थोर गवयांनी तेवढ्यात ख्याल कोंबून बसविला, तो त्यांचा पराक्रम. पण ती कोठडीच होती. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ ध्वनिमुद्रिका आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळाला. १९५५ साली त्याच अवकाशात उस्ताद अली अकबर खाँ यांनी एकेका बाजूवर एकेक राग वाजविला, आणि बारा वर्षांनी बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ रचली. दोघांना जागा करून देणारी तबकडी एकच. खाँसाहेबांची तालीम झाली ती मैहरला, म्हणजे आमच्याच मध्य प्रदेशात. तेथेच शिकलेल्या पंडित रविशंकरांकडे १९६६ साली जॉर्ज हॅरिसन सतार शिकू लागले, आणि ‘सार्जंट पेपर’ची दुसरी बाजू सुरू होते ती हॅरिसन यांच्या रचनेने : तंबोरा, तबला आणि दिलरुबा यांच्यासह. दिलरुबा वाजविणाऱ्यांत एक अण्णा जोशी होते आणि दुसरे अमृत गज्जर. तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. मूळ वेष्टनावर यांपैकी एकाचेही नाव नव्हते. ती नावे जगापुढे येण्यास सुमारे अर्धशतक लागले. परके म्हणून ज्याला आपण हाकलतो त्याच्या घरात आपली माणसे नावावाचून बसली होती, हे त्या घरात न शिरलेल्याला कसे कळणार?

आणि गोमंतकीय वाचकांस तर दुसरेही उदाहरण ठाऊक असेल. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यावर गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, आणि तिच्यावरच चक बेरी यांचे रॉक अँड रोलही आहे. बाईंची बरोबरी बेरींशी होते असे कोणी म्हटले नाही, मीही म्हणत नाही. एका पंगतीला बसल्याने कोणी बाटत नाही, एवढाच मुद्दा आहे.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो खरा विचार करण्याजोगा आहे. आठवण ही समीक्षा नव्हे, हे मला मान्य. साक्षीदार निकाल देत नसतो. परंतु साक्षीदारावाचून निकालही होत नसतो. अभियंत्यांच्या ध्वनिमुद्रिकेतीलच दाखला घ्या. तिच्या पहिल्या बाजूच्या अखेरीस क्लेअर टॉरी नावाची गायिका एकही शब्द न उच्चारता गाते. आकार, हुंकार, किंकाळी, आणि मग हळूहळू शांत होणे. रचनेचा विषय मृत्यू. आलापाला अर्थ असतो हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या आम्हांला हे समजावून सांगावे लागू नये. ज्या शहराने त्या रात्री मृत्यू पाहिला, त्यातील एक माणूस म्हणतो की, शब्द ऐकवत नव्हते तेव्हा हा शब्दावाचूनचा आवाज मला ऐकवला. ही साक्ष हळवी म्हणून फेटाळणारा कोणत्या कसोटीने संगीत तोलणार? त्या टॉरीबाईंना त्या वेळी ३० पौंड बिदागी मिळाली होती आणि रचनाकार म्हणून नाव मिळाले नव्हते. त्यांनी २००४ साली दावा लावला; २००५ साली तडजोड झाली आणि पुढच्या आवृत्त्यांवर रिचर्ड राईट यांच्या जोडीला त्यांचे नाव आले. पण ते गाणे त्यांनी घडविले, हे कान देऊन ऐकणारे आधीपासून म्हणतच होते. म्हणजे चाहत्यांची साक्ष अगदीच वाऱ्यावर जात नाही.

चाहत्यांचीही मात्र मी तरफदारी करणार नाही. त्यांच्या बैठका मी पाहिल्या आहेत. कोणती आवृत्ती कितीला मिळाली, पहिल्या दहांत कोण आणि विसांत कोण, यांतच रात्र सरते. आर्ट रॉकमध्ये भपकाही पुष्कळ आहे. चार मिनिटांच्या विचाराला वीस मिनिटांचे मखर केल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ते मान्य करण्याचे धैर्य चाहत्यांत क्वचितच दिसते. आणि जी कला सलग ऐकण्यासाठी जन्मली, तिचा एखादा तुकडा प्रवासात कानाला लावून ‘ऐकली’ म्हणणारे तिचे चाहते कसले? कुमारजींच्या ‘गीतवर्षे’तून एखादी चीज खुडून घेतली तर पावसाळा समजत नाही, सबंध मैफल एका ऋतूची असते. हा नियम मालव्याला लागू आणि लंडनला नाही, असे नाही.

तेव्हा अध्यक्षमहाशयांना माझी विनंती, आणि विनंती म्हणजे मागणीच, एवढी आहे. पुढच्या बैठकीत त्या अभियंत्यांना पुन्हा बोलवावे. त्यांची साक्ष मध्ये न तोडता पुरी होऊ द्यावी. मग तबकडी लावावी, पहिली बाजू संपल्यावर उलटावी, आणि दुसरीही संपेपर्यंत कोणी उठू नये. सगळा मिळून पाऊण तासाचाही मामला नाही. आभारप्रदर्शनाला आपण याहून अधिक वेळ दिलेला आहे. त्यानंतर आपण ‘गोंगाट’ असा निकाल दिलात तर मी तो मान खाली घालून ऐकेन. पण दोन्ही बाजू ऐकल्यावाचून दिलेला निकाल, तो कितीही ज्येष्ठ मुखातून आलेला असो, मला मान्य नाही. आणि त्या दिवशी मी गप्प बसणार नाही.