पाहताना थांबावे

भाद्रपद सरतो, पावसाचा जोर ओसरतो आणि घाटमाथ्यावरील फुलांचा मोठा सोहळा आटोपत येतो. गालिचे पाहण्यासाठी आलेली गर्दी परतीच्या वाटेला लागते. शोधणाऱ्यांचा हंगाम मात्र याच सुमारास सुरू होतो. सोनकीने पिवळे झालेले उतार, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि तेरड्याची उरलीसुरली फुले कोणालाही दिसतात. पण शेवाळलेल्या खोडांवर आणि गवताच्या बुडाशी काही फुले अशी असतात, जी चालत पुढे जाणाऱ्याला दिसत नाहीत, थांबणाऱ्यालाच दिसतात.

गेल्या आश्विनात आईला घेऊन महाबळेश्वरला गेले होते. आईचे वय ७९. दोन वर्षांपूर्वी अंगणात पडून तिचे मनगट मोडले. हाड सांधले, पण भीती तशीच राहिली. बाहेर निघायचे म्हटले की ती म्हणे, "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते." त्या सकाळी ती कशीबशी निघाली. मी दहा पावले पुढे जायची, थांबायची आणि मागे वळून पाहायची. त्या पाहण्यात काळजी होती, तशी घाईही होती. आणि ती आईला कळत होती. तिसऱ्यांदा दम खाण्यासाठी ती रस्त्याकडेच्या जांभळाच्या झाडाला टेकली आणि म्हणाली, "अगं, इकडे ये. झाडाला ही वेणी कुणी घातली?"

खोडावर बोटभर लांबीची, चपटी, एकात एक गुंफल्यासारखी हिरवी पाने होती आणि त्यांतून एक बारीक शेपटी खाली लोंबत होती. मोबाइलने छायाचित्र काढून मोठे करून पाहिले, तेव्हा त्या शेपटीवर ओळीने बसलेली, मोहरीच्या दाण्याएवढी फुले दिसली. ते ओबेरोनिया जातीचे ऑर्किड होते. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. याच झाडावरून मी दोन दिवस ये-जा करत होते. मला ते दिसले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी चहा घेत होते, तोवर आई काठी घेऊन दारात उभी होती.

वाचकहो, हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की पडण्याची भीती ही पडण्याइतकीच घातक असते. भीतीमुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू दुबळे होतात, तोल सांभाळण्याची सवय जाते आणि पडण्याचा संभव वाढतो. हे चक्र तोडायचे तर चालणे हाच उपाय आहे. परंतु "चाला, प्रकृतीला बरे" एवढ्या उपदेशाने कोणी उठत नाही. चालण्याला काही निमित्त लागते. बारीक फुले शोधणे हे त्यातले एक उत्तम निमित्त होय, कारण येथे संथपणा हे न्यून राहत नाही. जो सावकाश चालतो, त्यालाच येथे अधिक सापडते.

याला संशोधनाचाही आधार आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली ५२ ज्येष्ठांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवडे, दर आठवड्याला १५ मिनिटांचा फेरफटका सर्वांनाच सांगितला होता. त्यांपैकी निम्म्यांना भोवतालच्या गोष्टी नव्या, विस्मयाच्या नजरेने पाहण्यास सांगितले. या गटाला फेरफटक्यात अधिक आनंद आणि विस्मय जाणवला आणि दैनंदिन जीवनातील मनस्तापही कमी झाल्याचे आढळले. विशेष म्हणजे त्यांनी स्वतःच्या काढलेल्या छायाचित्रांत हळूहळू त्यांची आकृती लहान होत गेली आणि भोवतालचा परिसर वाढत गेला.

शोधायचे कोठे? झाडावरील आमरी पाहण्यासाठी जुनी, खरबरीत सालीची, शेवाळ धरलेली झाडे निवडावीत. खोड आणि जाड फांद्या डोळ्यांच्या उंचीला असतात. वाकावे लागत नाही. ही झाडे बांडगुळे नव्हेत. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी केवळ आधार घेते. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते आणि त्यातून ती पावसाचे, धुक्याचे पाणी टिपते. जमिनीवरील आमरी मात्र आता निरोप घेत असतात. त्यांची पाने पिवळी पडतात आणि भूमिगत कंद पुढच्या पावसाची वाट पाहत राहतो.

शोधाचा पहिला नियम आईसाठी केला. आता तो मीही पाळते. चालताना पाहू नये, पाहताना चालू नये. नजर फुलावर आणि पाय वाटेवर, असे झाले की ठेच लागते. चालताना लक्ष वाटेवर ठेवावे. काही दिसले की दोन्ही पाय स्थिर करावेत, काठी टेकवावी आणि मग मान वळवावी. द्विनाभी चष्मा असल्यास अधिक जपावे. त्याच्या खालच्या भिंगातून पायाखालची जमीन धूसर दिसते. जमिनीलगतचे फूल पाहण्यासाठी वाकू नये. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना वाकून झटकन उठताना घेरी येऊ शकते. बरोबरच्या माणसाने मोबाइलवर छायाचित्र काढून मोठे करून दाखवावे. घडीचे हलके स्टूल जवळ असले तर आणखी उत्तम.

ओला जांभा दगड आणि त्यावरचे शेवाळ फार निसरडे असते. म्हणून ऊन पडून वाट सुकल्यावर निघावे, सपाट रस्ता निवडावा आणि वीस-पंचवीस मिनिटांत परतावे. अमुक पॉइंटपर्यंत पोहोचलेच पाहिजे, हा आग्रह सोडावा. मधुमेह असल्यास खाणे आणि औषधाची वेळ चुकवू नये. खिशात काही गोड असावे.

पावसाळ्यानंतर गवतात बारीक कीटक असतात आणि त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप येऊ शकतो. म्हणून अंगभर कपडे, मोजे आणि बंद बूट घालावेत, गवतावर बसू नये आणि घरी आल्यावर अंघोळ करून कपडे धुण्यास टाकावेत. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर काळी खपली दिसली, तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेवर निदान झाले तर यावर औषध आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आपली जागा बदलावी. पुढे चालून मागे वळून पाहू नये. ज्येष्ठांच्या दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे. त्यांचा हात ओढू नये. आपला हात त्यांना धरू द्यावा. आणि "चला, उशीर होतोय" हे शब्द त्या अर्ध्या तासापुरते घरीच ठेवावेत.

फूल तोडू नये, आमरीचे रोप तर मुळीच काढू नये. घरच्या कुंडीत तिला ते झाड, ते धुके आणि तो दमटपणा मिळत नाही. तिचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात रोपासाठी अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच ते रुजते. एक रोप उपटले, तर त्या जागी दुसरे येईलच असे नाही.

रानात जाणे शक्य नसेल, तर सोसायटीच्या भिंतीच्या फटीत किंवा बागेतल्या आंब्याच्या खोडावर शोध घ्यावा. आईने परतल्यावर एक वही केली आहे. तारीख, झाड आणि काय दिसले, एवढेच ती त्यात लिहिते. काही दिवशी 'काही नाही' असेही लिहिलेले असते. पण त्या दिवशीही ती चाललेली असते.