हातचे न राखता

शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपले सुभाषितकार सांगून गेले आहेत. सांगायला त्यांचे काय जाते! ज्याच्या हातची गदा जाते त्याला विचारा. म्हणून तर तालमीतला वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक हातचा राखतो. गवयीबुवा घराण्याची एखादी खास चीज शेवटपर्यंत कुलपात ठेवतात, अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी वस्तादाला दोष देत नाही. पोट त्यालाही आहे.

या दिवाळीला मात्र मला हातचे न राखणाऱ्या गुरूंची गोष्ट सांगायची आहे. हे गुरू आपल्याकडचे नव्हेत, जपान-कोरियातले आहेत, आणि त्यांची विद्या म्हणजे ‘गो’ नावाचा बैठा खेळ. मूळ चीनचा, अडीच हजार वर्षांहून जुना. चिनी लोक त्याला वेइची म्हणतात, कोरियन लोक बादुक. जग त्याला जपानी नावाने ओळखते. १९ आडव्या, १९ उभ्या रेघांचा लाकडी पट. रेघांचे छेद ३६१. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. बुद्धिबळात सैन्य आधी मांडलेले असते. इथे पट रिकामा असतो. पाळीपाळीने एकेक सोंगटी छेदावर ठेवायची. ठेवली की ती हलायची नाही. चारी बाजूंनी कोंडली गेली तरच उचलायची. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. या जागेला कोरियन लोकांचा शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘घर’. माणसे रक्त आटवतात ती राजा मारण्यासाठी नव्हे, चार घरे जास्त बांधण्यासाठी. मला हे फार आवडते.

या खेळाच्या दोन रीती आधी सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. पहिली अशी की, दुबळ्या खेळाडूला बलवानाबरोबर खेळायचे असेल तर त्याने दोनपासून नऊपर्यंत सोंगट्या आगाऊ मांडून घ्यायच्या. त्यात लाज नाही. उलट, कुणाकडून किती सोंगट्या घेतो ते उघड सांगायचे, आणि वर्षभरात पाचाच्या चार झाल्या की पेढे वाटायचे. दुसरी रीत जरा कठीण. डाव संपला की उठून जायचे नाही. सोंगट्या गोळा करून तोच डाव पहिल्यापासून पुन्हा मांडायचा, आणि कुठे चुकले, कुठे साधले ते दोघांनी मिळून बघायचे. जिंकणाऱ्याला ही मौज वाटते. हरणाऱ्याच्या मनाला काय वाटत असेल ते, निकाल लागल्यावर सगळ्यांदेखत गुणपत्रिका वाचावी लागलेल्या कुणालाही सांगता येईल.

आता माणसांकडे वळतो. सेगोए केन्साकू हे जपानमधले मोठे नाव. जन्म १८८९ चा. त्यांचे तीन शिष्य प्रसिद्ध आहेत. एक जपानी, हाशिमोतो उतारो. दुसरा चिनी, गो सेइगेन. त्याला त्यांनी १९२८ साली, तो १४ वर्षांचा असताना, खटपट करून जपानात आणवले. आणि तिसरा कोरियन, त्याच्याकडे येतोच. एका शतकात या तीन देशांनी एकमेकांशी काय केले ते आठवा, म्हणजे या यादीचे मोल कळेल.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये होनिंबो या सर्वांत मानाच्या किताबाचा सामना चालू होता. हाशिमोतो एका बाजूला, इवामोतो काओरु दुसऱ्या बाजूला, आणि पंच सेगोए. दुसरा डाव हिरोशिमा शहरात व्हायचा होता, पण विमानहल्ल्याच्या भीतीने पोलीसप्रमुखांनी हरकत घेतली, म्हणून तो शहराबाहेर इत्सुकाइची येथे हलवला. ६ ऑगस्टची सकाळ ही डावाची तिसरी सकाळ. आदल्या दिवशीची मांडणी पटावर पुन्हा मांडून झाली होती. सव्वाआठ वाजता आकाशात लख्ख प्रकाश झाला, मग धक्का आला, खिडक्यांच्या काचा फुटल्या, सोंगट्या विखुरल्या. काय झाले ते कुणालाच समजले नाही. आवराआवर झाली, सोंगट्या पुन्हा जागच्या जागी ठेवल्या गेल्या, आणि दुपारी डाव पुढे चालू झाला. हाशिमोतो पाच घरांनी जिंकले. मग शहरातून भाजलेली माणसे येऊ लागली. सेगोएंचा एक मुलगा त्या बाँबने नेला.

हा प्रसंग वाचून काही लोक म्हणतात, काय ही निष्ठा! काही म्हणतात, काय हे वेड! मला दोन्ही म्हणवत नाही. त्या खोलीतल्या तिघांनी पुढे काय केले, त्यात मला जास्त रस आहे. इवामोतोंनी म्हातारपणी आपली टोकियोतली जागा विकली आणि त्या पैशातून परदेशात खेळाची केंद्रे काढून दिली: साओ पाउलो, आम्स्टरडॅमजवळ आम्स्टेलवेन, न्यूयॉर्क, सिएटल. अमेरिकेत दोन, लक्षात घ्या. आणि सेगोएंनी १९६३ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, जपानी राजवटीची झळ नुकतीच सोसलेल्या देशातला दहा वर्षांचा पोर आपल्या घरी राहायला घेतला.

त्याचे नाव चो हुन-ह्यन. घरात राहून शिकणाऱ्या शिष्याला जपानीत ‘उचिदेशी’ म्हणतात. आपल्या गुरुकुलातला विद्यार्थीच तो. गुरूच्या घरी जेवायचे, कामे करायची, आणि शिकायचे. आपल्याला वाटेल, गुरू रोज समोर बसवून खेळवत असतील. ती पद्धतच नाही. गुरू क्वचित खेळतो. शिष्याने स्वतः अभ्यास करायचा आणि घरातल्या हवेतून उरलेले शिकायचे. नऊ वर्षे असे गेले. १९७२ साली चोंना लष्करी सेवेसाठी मायदेशी बोलावणे आले आणि त्यांना जावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये, ८३ वर्षांच्या सेगोएंनी आपले आयुष्य स्वतःच्या हाताने संपवले. एकटा शिष्य दूर गेल्याचे दुःख किती, आजारपणाचे किती, याचा हिशेब करणारे आपण कोण?

जपानी लोकांत एक शब्द आहे, ‘ओनगाएशी’. अर्थ, उपकाराची फेड. गो खेळणारे तो एका खास प्रसंगी वापरतात: शिष्याने भर स्पर्धेत गुरूला हरवले, तर त्याने उपकार फेडले. चोंना आपल्या गुरूची फेड अशी करता आली नाही. त्यांनी ती दुसऱ्या रीतीने केली.

कोरियात परतल्यावर त्यांनी तीन वेळा देशातले सगळेच्या सगळे किताब एकाच वेळी आपल्याकडे आणले. चपळाईमुळे लोक त्यांना पाकोळीची उपमा देत. १९८८ साली तैवानी उद्योगपती इंग चांग-की यांनी चार वर्षांनी एकदा भरणारी जागतिक स्पर्धा सुरू केली. बक्षीस चार लाख डॉलर. सोळा खेळाडूंत कोरियाचा हा एकटा. १९८९ च्या सप्टेंबरात सिंगापूरला पाचव्या डावात त्यांनी चीनच्या निए वेइपिंग यांना हरवले, आणि सोलमध्ये उघड्या मोटारीतून मिरवणूक निघाली.

पण या मिरवणुकीच्या वेळी चोंच्या घरात चौदा वर्षांचा एक गप्प मुलगा राहत होता. ली चांग-हो. १९८४ साली, म्हणजे स्वतः ऐन भरात असताना, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, चोंनी त्याला घरी आणले होते. साधारणपणे खेळाडू शिष्य घेतो तो उतारवयात, स्पर्धा संपल्यावर. स्पर्धेत असताना दारात वाघ पाळायचे धाडस कोण करतो? गंमत अशी की, हा वाघ वाटतच नव्हता. आपण नुकताच खेळलेला डावही त्याला नीट परत मांडता येत नसे, आणि या खेळात ते तर पहिल्या इयत्तेचे काम. चेहऱ्यावर भाव नाही, तोंडातून शब्द नाही. पुढे लोकांनी त्याला ‘दगडी बुद्ध’ हे नाव दिले. गुरू विजेसारखा, शिष्य गोगलगाईसारखा. पण रात्री उशिरापर्यंत याच्या खोलीतला दिवा जळत असे.

१९९० साली या मुलाने गुरूकडून एक मानाचा किताब जिंकून घेतला. मग दुसरा, मग तिसरा. सुरुवातीच्या त्या सामन्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणा. सकाळी एकाच घरातून दोघे निघाले. दिवसभर समोरासमोर बसले. संध्याकाळी रीतीप्रमाणे तोच डाव पुन्हा मांडला, आणि हरलेल्या गुरूने जिंकलेल्या शिष्याबरोबर आपल्या चुका तपासल्या. मग दोघे परतले ते त्याच घरी, त्याच ताटांवर. त्या घरातल्या बाईंची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ‘आज कोण जिंकले?’ हा प्रश्न त्या कोणत्या तोंडाने विचारीत असतील?

१९९५ साल उजाडल्यावर चोंकडे एकही किताब उरला नाही. पण दोघांचे डाव चालूच राहिले. आयुष्यभरात ते तीनशेच्या वर गेले. सगळे गेल्यावर माणूस मोकळा झाला असावा. त्यांनी शिष्याकडून पुन्हा किताब हिसकावले, आणि २००२ ची सॅमसंग ही जागतिक स्पर्धा वयाच्या ४९ व्या वर्षी जिंकली, तीही विशीतल्या पोरांच्या गर्दीत. एक डाव हातचा राखला असता तर किताब आणखी चार वर्षे टिकले असते. मग त्या म्हातारपणच्या खेळाला धार कुणी लावली असती?

आता गोष्टीला वेगळे वळण लागते. २०१६ च्या मार्चमध्ये सोलच्या एका हॉटेलात ली से-डोल हा पुढच्या पिढीचा सम्राट अल्फागो नावाच्या संगणक-प्रणालीशी पाच डाव खेळला आणि चार हरला. दुसऱ्या डावातली यंत्राची ३७ वी खेळी पाहून मोठमोठे जाणकार चक्रावले; चौथ्या डावात लीच्या ७८ व्या खेळीने यंत्र चक्रावले, तेवढाच दिलासा. पुढच्या वर्षी, २०१७ साली, त्याच यंत्राची नवी आवृत्ती निघाली. आधीची आवृत्ती निदान माणसांचे डाव अभ्यासून तयार झाली होती. हिला कुणी एकही डाव दाखवला नाही. नुसते नियम सांगितले. ती स्वतःशीच खेळत राहिली आणि तीन दिवसांत एवढी तयार झाली की, लीला हरवणाऱ्या आवृत्तीला तिने शंभरपैकी शंभर डावांत हरवले. आपल्या संतांकडे अशा माणसाला एक शब्द आहे: निगुरा. ज्याला गुरू नाही तो.

ली से-डोलने २०१९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ३६ व्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. आपण पहिल्या क्रमांकावर पोहोचलो तरी वर कुणीतरी आहे ज्याला हरवता येणार नाही, असे कारण त्याने दिले. डिसेंबरात निरोपाचे तीन डाव तो एका कोरियन यंत्राशीच खेळला, आणि पहिल्या डावात जगज्जेत्याने दोन सोंगट्या आगाऊ घेतल्या. तो डाव त्याने जिंकला, पुढचे दोन हरला.

आज या विद्येचे बरेचसे शिक्षण यंत्रांपाशीच चालते. तशी यंत्रे घरोघरच्या संगणकावर फुकट उतरवून घेता येतात. ज्या मुलाच्या गावात एकही जाणकार नाही त्याला चोवीस तास जागा गुरू मिळाला, हे मी मुळीच लहान समजत नाही. शिन जिन-सो हा कोरियाचा खेळाडू लहानपणी इंटरनेटवर खेळूनच वाढला आणि यंत्राच्या इतक्या जवळ पोहोचला की लोकांनी त्याचे नावच यंत्रावरून पाडले. २०२३-२४ च्या नोंगशिम चषकात तिन्ही देशांच्या लढतीत कोरियाचा तो एकटा उरला आणि ओळीने सहा डाव जिंकून चषक घेऊन आला. दुसरी बाजूही आहे. घरबसल्या खेळताना शेजारी यंत्र ठेवून कॉपी करणारे निघाले. २०२० साली कोरियात एका कोवळ्या वयाच्या व्यावसायिक खेळाडूवर त्यापायी वर्षभराची बंदी आली.

पण माझी तक्रार कॉपीची नाही. यंत्र खेळी दाखवते आणि खाली टक्के देते: ही ठेवलीस तर जिंकण्याची शक्यता ५१, ती ठेवलीस तर ४४. का, ते सांगत नाही. चोंना कळत होते की समोरचा मुलगा इथे घाबरला, तिथे लोभात पडला. आणि यंत्राची फेड कशी करायची? ते हरले तरी त्याला आनंद नाही, आणि हरत तर नाहीच.

मी स्वतः या खेळात अगदी कच्चा आहे. रात्री जेवणानंतर इंटरनेटवर एखादा डाव टाकतो, एवढेच. तिथे अजून जुनी रीत पाळणारी माणसे भेटतात. मध्यंतरी एका अनोळखी गृहस्थाने मला पाच सोंगट्या आगाऊ देऊन धूळ चारली. गृहस्थ नेदरलँड्सचे, एवढेच कळले. मी उठणार तोच त्यांनी लिहिले, ‘पाच मिनिटे आहेत का?’ पाचाची पाऊण तास झाली. सगळा डाव पुन्हा मांडून ते दाखवीत होते: इथे भ्यालात, इथे एक घर वाचवायला दहा घालवलीत. माझ्याकडे तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. टक्के त्यांनी एकदाही सांगितले नाहीत. जाताना म्हणाले, ‘पुढच्या खेपेला चारच घ्या.’