टॉसरला हात लावावा का?

फिडोनेट बंद पडलेलं नाही. १९८४ साली टॉम जेनिंग्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोतला आपला कॉम्प्युटर आणि बाल्टिमोरमधला जॉन मॅडिल यांचा कॉम्प्युटर यांच्यात, रात्री फोनचे दर उतरल्यावर पत्रं पोचवायची सोय केली. त्यातून हौशी बुलेटिन बोर्डांचं (बीबीएस) जगभर जाळं विणलं गेलं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्याच्या नोडलिस्टमध्ये, म्हणजे केंद्रांच्या यादीत, पस्तीस हजारांहून जास्त केंद्रं होती. आज त्यातली थोडीच उरलीत. रशियात अजून बऱ्यापैकी, अमेरिका-युरोपात तुरळक. टपाल आता बहुतेक इंटरनेटवरून जातं, बिंकपी नावाच्या प्रोटोकॉलने. पाकीट मात्र चाळीस वर्षांपूर्वीचंच आहे.

या टपालाचा सगळा भार एका लहानशा प्रोग्रॅमवर असतो. त्याला टॉसर म्हणतात. रेल्वेच्या आरएमएस डब्यातला सॉर्टर जे काम करायचा तेच हा करतो: आलेला गठ्ठा फोडायचा, एकेक पत्र त्याच्या कप्प्यात टाकायचं, पुढच्या केंद्रांसाठी नवे गठ्ठे बांधायचे. गठ्ठ्याच्या फाइलला वाराचं शेपूट असतं, सोमवारी एमओ, मंगळवारी टीयू. असे प्रोग्रॅम लिहिणारे बहुतेक जण हौशी होते. कुणी काही डॉलर घेऊन नोंदणीची किल्ली देत, कुणी फुकट वाटत. त्यातले कितीतरी आता हयात नाहीत किंवा या छंदातून केव्हाच बाहेर पडलेत. मग असा एखादा प्रोग्रॅम सोर्सकोडासकट ज्याच्या हाती येतो, त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो. चाललंय ते चालू द्यावं, डागडुजी करावी, की सगळं पाडून नव्याने बांधावं?

‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांची बाजू आळशीपणाची नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. टॉसर एकटा नसतो. त्याने बांधलेला गठ्ठा पलीकडे जो प्रोग्रॅम उघडणार, तो कदाचित १९९३ सालचा असेल, त्याचा सोर्स कुणाकडेच नसेल आणि तो दुरुस्त करणारं जगात कुणी नसेल. इकडे एक बाइट बदलला की तिकडे काय होईल ते तिकडचा सिसॉपच, म्हणजे केंद्र चालवणाराच, सांगू शकतो, आणि तोही झाल्यावरच. बरेच जुने टॉसर एकच पत्र दोनदा आलंय का हे ओळखायला पत्राच्या मजकुराची किंवा मथळ्याची चेकसम काढून ठेवतात. नव्या सांभाळणाऱ्याने सफाईच्या हौसेने ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढल्या, तर तेच पत्र पुढच्या केंद्राला नवं वाटतं. ते पुन्हा वाटलं जातं, फिरून परत येतं, आणि एका सकाळी सगळ्या जाळ्यावर एकाच पत्राच्या शेकडो प्रती पडलेल्या असतात.

इकडच्या छोट्या बदलाने तिकडे काय बिघडतं, ते २००० साली प्रत्यक्ष दिसलं. फिडोनेटच्या मूळ तांत्रिक दस्तऐवजात पत्राच्या तारखेला २० बाइट दिलेत आणि वर्षाला दोनच अंक. काही प्रोग्रॅम वर्ष १९०० पासून मोजत होते. त्यांनी नवं वर्ष उजाडताच ००ऐवजी १०० छापलं. तारीख एका अक्षराने लांबली. आता जो टॉसर वीस बाइट मोजून पुढे सरकतो, त्याचं काय होतं पाहा: विसाव्या बाइटनंतर त्याला लगेच शून्य भेटतं, म्हणजे पत्र कुणाला हा रकाना रिकामा. ज्याला पत्र लिहिलं तो लिहिणारा ठरतो, लिहिणाऱ्याचं नाव विषयात जातं, आणि विषय मजकुरात. एका अंकापायी.

तेव्हा चालत्या यंत्राला हात न लावण्यात शहाणपण आहे. पण ते यंत्र चालतं राहील का, हा दुसरा प्रश्न. नुसतं ठेवून दिलेलं सॉफ्टवेअर टिकतं हा समज खोटा आहे, कारण त्याच्या खालची जमीन सरकत असते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या असंख्य बीबीएस प्रोग्रॅमांत क्रट नावाचं युनिट होतं. प्रोसेसर किती वेगवान आहे हे ते सुरुवातीलाच मोजायचं. प्रोसेसर साधारण दोनशे मेगाहर्ट्झच्या पुढे गेले आणि त्या मोजमापातला भागाकार कोलमडला. प्रोग्रॅम उघडताक्षणी ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद. कोडची एक ओळही कुणी बदलली नव्हती. पुढे चौसष्ट बिटांच्या विंडोजने सोळा बिटांचे डॉसचे प्रोग्रॅम चालवणंच सोडलं. आता डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरचा आधार आहे. ज्याचा सोर्स हरवलाय त्याच्यासाठी हा उपाय उत्तम, आणि मी तर म्हणेन पुरेसा. सोर्स हातात असताना एम्युलेटरमागे लपणं मात्र पटत नाही.

दुसरी चिंता सुरक्षेची. गठ्ठ्याच्या पासवर्डला मूळ रचनेत आठ अक्षरं, तीही उघडी. मॉडेमच्या काळात पलीकडून फोन करणारा ओळखीचा असायचा, त्याचा नंबर नोडलिस्टात असायचा, म्हणून हे खपून गेलं. आता फाइल जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून येऊ शकते. नाव छत्तीस बाइटांत मावेलच असं गृहीत धरून लिहिलेला सी भाषेतला कोड अशा फाइलपुढे उभा करणं जोखमीचं आहे. इथे डागडुजीला विरोध करणाऱ्यांकडे उत्तर नाही, आणि त्यांच्यातले समंजस लोक तसं कबूलही करतात.

या वादाचा गाभा मात्र एका बाइटमध्ये आहे, आणि तो मराठी वाचकाच्या थेट कामाचा आहे. बाइटचा क्रमांक १४१. वर्डस्टारच्या काळात ओळ आपोआप दुमडली की तिथे हा बाइट पडायचा. म्हणजे इथे ओळ तुटली खरी, पण ती पक्की समजू नका. फिडोनेटच्या दस्तऐवजाने सांगितलं की या बाइटकडे लक्ष देऊ नये. काही प्रोग्रॅम तो सरळ गाळूनच टाकू लागले. अमेरिकेत कुणाचं काही बिघडलं नाही. रशियात बिघडलं. तिथल्या डॉसच्या सीपी ८६६ अक्षरसंचात १४१ म्हणजे ‘न’ उच्चाराचं मोठं अक्षर, जे दिसायला रोमन एचसारखं. टपालात ते अक्षर गळू लागलं, तेव्हा रशियन लोकांनी त्याच्या जागी चक्क रोमन एच टंकायला सुरुवात केली. प्रोग्रॅम बदलला नाही, माणसांनी आपलं लिहिणं बदललं.

आता युनिकोडचं यूटीएफ-८ घ्या. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. अक्षराचा पाय मोडणाऱ्या हलन्त चिन्हाचे बाइट आहेत २२४, १६५ आणि १४१. म्हणजे जुना टॉसर मधे कुठे बसलेला असेल, तर मराठी पत्रातलं हरेक जोडाक्षर तो फोडणार. ‘ज्ञानेश्वर’ या नावात दोन ठिकाणी घाव. समजा, पुण्यातल्या एकाने न्यू जर्सीतल्या मित्राला लिहिलं, दोघांकडेही नवे प्रोग्रॅम आहेत, तरी वाटेतल्या एका केंद्रावरच्या जुन्या टॉसरने पत्राची चाळण केलेली असेल. त्यातून सावरलं तरी नावाचा रकाना छत्तीस बाइटांचा, शेवटचं शून्य वजा जाता पस्तीस. ‘ज्ञानेश्वर’ला तीस लागतात. मधली मोकळी जागा सोडली तर आडनावाला उरतात चार! विषयाच्या रकान्यात देवनागरीची तेवीस चिन्हं मावतात, आणि चोविसावं चिन्ह अर्ध्यावर कापलं गेलं तर पडद्यावर खोका दिसतो.

आपल्याकडे हे तेव्हा कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याआधी बंगळूरला अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स हा बोर्ड होता, मुंबईतही हौशी मंडळी बोर्ड चालवत. तिथे मराठीत काही लिहायचं तर रोमन अक्षरांवाचून जवळजवळ गत्यंतर नव्हतं. म्हणून हलन्ताचा हा अपघात झालाच नाही. होण्याइतकी देवनागरी त्या तारेवरून कधी गेलीच नाही.

मग १४१ गाळणं बंद करावं का? ‘न बदलणारे’ म्हणतील, जुन्या पत्रसंग्रहात तो बाइट हजारो ठिकाणी पडलाय, गाळणं थांबवलं की ती पत्रं कचऱ्यासारखी दिसतील. बरोबर आहे. ‘बदलणारे’ म्हणतील, जिवंत माणसांची पत्रं मोडण्यापेक्षा मेलेल्या पत्रांत थोडा कचरा परवडला. तेही बरोबर. पण मार्ग फिडोनेटच्याच प्रमाणकांत आहे. पत्राच्या डोक्यावर सीएचआरएस नावाची एक लपलेली ओळ असते, मजकूर कुठल्या अक्षरसंचात आहे ते सांगणारी. ती यूटीएफ-८ म्हणत असेल तर १४१ ला हात लावायचा नाही. ओळच नसेल तर वाचणाऱ्याच्या पडद्यापुरता जुना नियम. आणि जे पत्र नुसतं पुढे पाठवायचंय त्याच्या मजकुराला टॉसरने कुठल्याच परिस्थितीत शिवायचं नाही.

माझा कौल यातूनच निघतो. डागडुजी करावी, पण तिची मर्यादा सांभाळणाऱ्याच्या आवडीने ठरू नये, पलीकडच्या टॉसरच्या कुवतीने ठरावी. आत काय वाचायचं आणि किती सांभाळून वाचायचं, यात मोकळेपणाने सुधारणा व्हाव्यात: बफर तपासावेत, अर्धवट गठ्ठे बाजूला काढावेत, १९ जानेवारी २०३८ नंतर बत्तीस बिटांचं घड्याळ उलटं फिरणार आहे त्याची तजवीज आजच करावी. बाहेर जाणारं पाकीट मात्र होतं तसंच ठेवावं, बाइटनिशी. सगळं नव्या भाषेत नव्याने लिहिण्याचा मोह बहुतेक वेळा टाळलेला बरा. जुन्या कोडमध्ये जे वेडेवाकडे अपवाद दिसतात, ते कुण्या विशिष्ट मेलरच्या, म्हणजे गठ्ठे ने-आण करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, विशिष्ट खोडीपायी घातलेले असतात आणि त्यांची नोंद कुठेही नसते. नव्याने लिहिणारा ते गाळतो, आणि मग एकेक करून पुन्हा शोधून काढतो.

याला एक किंमत आहे, ती लपवू नये. अशा अटींवर काम करणं कंटाळवाणं असतं. नवी वैशिष्ट्यं नाहीत, कौतुक नाही, पगार तर नाहीच. तरुण प्रोग्रॅमरला सांगितलं की तुझं काम म्हणजे पाकिटाची रचना अजिबात न बदलणं, तर तो चार दिवसांत पळेल. नव्याने लिहिण्याचं समर्थन करणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे, आणि तो तांत्रिक नाही: रस असलेला माणूस टिकतो. सिंक्रोनेटसारखी काही बीबीएस सॉफ्टवेअरं आजही नेमाने सुधारली जातात, ती त्यांच्या कर्त्यांना त्यात गोडी वाटते म्हणूनच. तेव्हा नवं लिहायचंच असेल तर खुशाल लिहावं, पण जुन्या टॉसरच्या नावाने आणि त्याच्या जागी नव्हे. शेजारी ठेवावं, दोघांना एकच गठ्ठा द्यावा, निघालेली पाकिटं बाइटनिशी ताडून पाहावीत.

आणि सोर्स उघडा असावा, यावर तर तडजोड नकोच. डेन्मार्कच्या ओडिन सोरेनसेन यांनी गोल्डेड या पत्रसंपादकाचा सोर्स खुला केला, म्हणून तो आजच्या लिनक्सवर चालतो. हस्की या प्रकल्पातला टॉसर आजही दुरुस्त होतो, कारण तो कुणालाही उघडून पाहता येतो. त्या काळात नोंदणीची किल्ली विकणारे याहून सरस प्रोग्रॅम होते, पण ते आता एम्युलेटरच्या काचेत बसलेत. १४१ न गाळायला त्यांना शिकवायचं तरी कुणी? तुमच्या माळ्यावर जुन्या फ्लॉपीत असा एखादा प्रोग्रॅम सोर्ससह पडून असेल, तर तो आधी काढून घ्या, फ्लॉपी फार काळ टिकत नाहीत, आणि परवान्याची एक स्पष्ट ओळ जोडून जगाला देऊन टाका. दुरुस्त कुणी करायचं ते मग बघता येईल.