सूर वेळेवर पोंचावा म्हणून

हल्लीं गणेशोत्सवाच्या मांडवांत, कोजागिरीच्या गच्चीवर किंवा दिवाळीच्या पहाटे होणाऱ्या गाण्याच्या बैठकींत पेटीच्या शेजारीं एक लॅपटॉप उघडलेला दिसूं लागला आहे. त्यास जोडलेल्या कीबोर्डावर घरांतलाच एखादा मुलगा किंवा मुलगी बसलेली असते, आणि सतार, बांसरी, व्हायोलिन, तानपुरा असे नानाविध नाद त्या एकाच फळींतून निघतात. अशा घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार पुढें येतो. मूल म्हणतें, 'कार्यक्रमासाठीं निराळें साउंड कार्ड हवें.' वडील म्हणतात, 'संगणकाला हेडफोनचें भोंक आहेच. तेथूनच आवाज काढ.' आई दोघांकडे आळीपाळीनें पाहते. ह्या वादांत दोन्ही पक्षांकडे थोडें थोडें सत्य आहे, आणि तें कोठें आहे हें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. कीबोर्ड स्वतः वाजत नाहीं. कोणती पट्टी किती जोरानें दाबली एवढाच निरोप तो संगणकास देतो. ह्या निरोपाची ठराविक भाषा, जिला मिडी म्हणतात, ती १९८३ सालीं प्रचारांत आली. निरोप मिळतांच संगणकांतील वाद्याचा प्रोग्राम त्या स्वराचे आंकडे मांडतो. आंकड्यांना आवाज नसतो. त्यांचें विजेच्या लहरींत रूपांतर करणें, हें साउंड कार्डाचें काम. पूर्वीं हें कार्ड खरोखरच संगणकाच्या पोटांत बसवावयाच्या पाटीसारखें असे. १९८९ सालीं निघालेलें साउंड ब्लास्टर हें त्यांतलें प्रसिद्ध उदाहरण. आज कार्यक्रमासाठीं जें वापरतात ती यूएसबीच्या तारेनें जोडावयाची एक स्वतंत्र डबी असते, आणि दुकानदार तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. प्रत्येक लॅपटॉपांत एक लहानसें कार्ड अंगचेंच असतें, व घरीं ऐकण्यास तें पुरतें. प्रश्न मांडवांतला आहे.

कार्यक्रमाकरितां कार्ड निवडतांना पाहावयाची पहिली गोष्ट आवाजाची गोडी ही नव्हे. आजच्या बहुतेक सर्व बऱ्या कार्डांत ती पुरेशी असते. पहिली गोष्ट आहे काल. पट्टी दाबल्यापासून सूर कानीं पडेपर्यंत किती वेळ जातो, ह्यावर वादकाची लय अवलंबून असते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत रचिलेल्या 'संगीतरत्नाकरा'त पांच लघु अक्षरें उच्चारण्यास लागणारा काल ही मात्रा धरिली आहे. आजचीं यंत्रें सेकंदाच्या सहस्रांशानें, म्हणजे मिलिसेकंदानें, मोजतात; पण निवाडा करणारा कान तोच आहे.

हा उशीर कां होतो? विहिरीवरून पाणी आणणारा थेंब थेंब आणीत नाहीं, घागर भरली म्हणजे आणतो. त्याप्रमाणेंच संगणक आंकड्यांचा एक गठ्ठा तयार करून तो कार्डाच्या हवालीं करतो. ह्या गठ्ठ्यास बफर म्हणतात. सेकंदास ४८,००० आंकडे ह्या नेहमींच्या वेगानें १,०२४ आंकड्यांचा गठ्ठा धरला तर सुमारें २१ मिलिसेकंद जातात. ५१२ चा धरला तर ११, २५६ चा धरला तर ५, आणि १२८ चा धरला तर तीनहून कमी. शिवाय आंकडे कार्डापर्यंत नेण्यांत व त्यांचें रूपांतर करण्यांत आणखी थोडे मिलिसेकंद खर्च होतात. मग घागर लहानच घ्यावी, असें कोणीहि म्हणेल. परंतु घागर जितकी लहान तितक्या खेपा अधिक; आणि संगणकास त्या खेपा झेपल्या नाहींत म्हणजे सूर मध्येंच तुटतो व स्पीकरमधून टकटक किंवा चरचर ऐकूं येते. लहान बफरावर न अडखळतां चालणें, हीच कार्यक्रमाच्या कार्डाची खरी कसोटी होय.

आतां किती उशीर चालतो तें पाहूं. हवेंतून ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटर जाण्यास त्यास जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. तबलजी दोन मीटरांवर बसला असेल तर त्याचा ठेका गायिकेस ६ मिलिसेकंद उशिरानेंच ऐकूं येतो, आणि त्याविषयीं तिची कांहीं तक्रार नसते. सबब एकंदर उशीर दहा मिलिसेकंदांच्या आंत राहिला तर तो बहुतेकांस जाणवत नाहीं. विसाच्या पुढें गेला म्हणजे पट्टी जड वाटूं लागते. ब्लूटूथनें, म्हणजे बिनतारी जोडणीनें, आवाज स्पीकरास पाठविला तर तो बहुधा शंभर ते दोनशें मिलिसेकंद, क्वचित् त्याहूनहि अधिक, मागें पडतो. मिनिटास १२० मात्रांच्या ठेक्यांत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. त्यांत दोनशेंचा उशीर म्हणजे मात्रेचे दोन पंचमांश झाले. ब्लूटूथ गाणें ऐकण्यास सोयीचें खरें, पण वाजविण्यास सर्वथा वर्ज्य.

आमच्या पाहण्यांतील एक गोष्ट येथें सांगणें अवश्य आहे. एका वसाहतीच्या गणेशोत्सवांत एक तेरा वर्षांची मुलगी भावगीतांस साथ करीत होती. घरीं तारेच्या हेडफोनवर तिनें महिनाभर सराव केला होता व तो उत्तम झाला होता. कार्यक्रमाच्या वेळीं तार आंखूड पडली म्हणून कोणींसें संगणकाचा आवाज ब्लूटूथनें स्पीकरास जोडून दिला. पहिल्या अंतऱ्यापासूनच तिचे सूर तबल्याच्या मागें पडूं लागले. तबला गांठावा म्हणून ती घाई करूं लागली, आणि त्या घाईंत एरवीं कधीं न चुकणाऱ्या जागाहि चुकल्या. मंडळी म्हणाली, मुलीला ताल नाहीं. वडिलांनींहि घरीं तेंच ऐकविलें. त्यानंतर कित्येक महिने ती कीबोर्डास शिवली नाहीं. पुढें तिच्या मामांनीं सर्व तारेनें जोडून पाहिलें तेव्हां कळलें कीं, मुलीचा ताल शाबूत होता. उशीर जोडणीचा होता. लहान मुलास आपला दोष आणि साधनाचा दोष निराळे करतां येत नाहींत. जें बिघडलें तें आपल्यामुळेंच, असें तें धरून चालतें. हा निवाडा करण्याचें काम वडील मंडळींचें आहे, आणि तो करावयाचा तर साधन समजून घेतलें पाहिजे. कार्डाच्या खर्चाचा विचार करतांना ही बाजूहि हिशेबांत धरावी.

कालाच्या बाबतींत डबीइतकेंच महत्त्व तिच्या ड्रायव्हरास, म्हणजे ती ज्याच्या द्वारा संगणकाशीं बोलते त्या प्रोग्रामास आहे. विंडोज संगणकावर नेहमींच्या मार्गानें आवाज पाठविला तर तो इतर प्रोग्रामांच्या आवाजांत मिसळून मग बाहेर पडतो, व त्यांत वेळ मोडतो. हा मार्ग टाळून थेट कार्डाशीं बोलण्याची एएसआयओ नांवाची पद्धति स्टाइनबर्ग ह्या जर्मन कंपनीनें १९९७ सालीं काढली. कार्डाच्या कारखानदारानें स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर दिला आहे काय, आणि तो आपल्या विंडोजच्या आवृत्तीस चालतो काय, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें. एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट मिळणारा प्रोग्राम अडल्या वेळीं उपयोगी पडतो, परंतु तो मूळ ड्रायव्हराची जागा घेऊं शकत नाहीं. मॅक संगणकांत कोअर ऑडिओ ही व्यवस्था अंगचीच असल्यामुळें तेथें हा घोळ कमी. वापरलेलें जुनें कार्ड स्वस्त मिळतें म्हणून मोह होतो. पण आपल्या संगणकासाठीं त्याचा ड्रायव्हर मिळत नसेल, किंवा त्याची जोडणी फायरवायर ह्या जुन्या पद्धतीची असेल, तर तें घरांत नुसतें पडून राहतें.

दुसरी गोष्ट आवाज बाहेर पडण्याच्या वाटेची. हेडफोनच्या ३.५ मिलिमीटरच्या भोंकांत बसणारी बारीक पिन, कोणाच्या पायांत तार अडकली कीं निघून येते. शिवाय त्या वाटेनें निघालेला आवाज मिक्सरपर्यंत पंधरावीस मीटर न्यावयाचा, आणि तोहि दिव्यांच्या तारांच्या शेजारून. वाटेंत त्यास विजेची घरघर सहज चिकटते. चांगल्या कार्डास बॅलन्स्ड आउटपुट असतात. त्यांत एकच नाद दोन तारांतून परस्परविरुद्ध स्वरूपांत पाठवितात. बाहेरून लागणारी घरघर मात्र दोन्ही तारांस सारखीच लागते. दुसऱ्या टोंकास एकींतून दुसरी वजा केली म्हणजे घरघर जाते आणि नाद उरतो. शाळेंतील बीजगणिताचा इतका श्रवणीय उपयोग क्वचितच सांपडेल. ह्यासाठीं कार्डास ६.३५ मिलिमीटरच्या जाड जॅकाचे बॅलन्स्ड आउटपुट, अथवा तीन पिनांचे एक्सएलआर जोड असावेत.

लॅपटॉपचा चार्जर जोडतांच घरघर सुरू होते, असाहि अनुभव पुष्कळांस येतो. बहुधा संगणक आणि मिक्सर निरनिराळ्या ठिकाणीं जमिनीशीं जोडलेले असतात, व त्या दोन जोडण्यांमधून प्रवाह फिरूं लागतो. त्यावर उपाय ट्रान्सफॉर्मर असलेला डी.आय. बॉक्स, तो विजेचा प्रत्यक्ष संबंध तोडून नाद तेवढा पुढें जाऊं देतो. पुष्कळ साउंडवाल्यांकडे ही डबी असते. ती आधींच मागून ठेवावी. कित्येक ठिकाणीं घरघर घालविण्यासाठीं प्लगाची अर्थिंगची पिन काढून टाकतात. असें कदापि करूं देऊं नये. मांडवाची जमीन ओली असते, वादक अनवाणी बसलेला असतो, आणि ती पिन त्याच्या जिवाच्या रक्षणासाठीं ठेविलेली असते.

तिसरी गोष्ट वाटांच्या संख्येची. नुसता कीबोर्ड वाजवावयाचा असेल तर डावा व उजवा असे दोन आउटपुट पुरेत. पण आधीं ध्वनिमुद्रित केलेली साथ संगणकावरून सोडावयाची असेल, आणि वादकांच्या कानांत मात्रांची टिकटिक देऊन श्रोत्यांस ती ऐकूं जाऊं द्यावयाची नसेल, तर चार आउटपुट हवेत. उदाहरणार्थ, इंग्लंडच्या फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट टू-आय-टू ह्या कार्डास दोन इनपुट व दोन आउटपुट आहेत. अमेरिकेच्या मोटू कंपनीच्या एम-टू मध्यें तीच व्यवस्था असून एम-फोर मध्यें चार इनपुट व चार आउटपुट आहेत. हीं नांवें शिफारस म्हणून दिलेलीं नाहींत. डब्यावरील आंकडे कसे वाचावे एवढेंच त्यावरून ध्यानांत यावें. इनपुटांचा लोभ धरूं नये. गायकाचा मायक्रोफोन कार्यक्रमांत थेट साउंडवाल्याच्या मिक्सरास जातो. तो संगणकांतून फिरवून आणला तर उशीर वाढतो, आणि संगणक थांबला तर गाणेंहि थांबतें.

पैसे कशावर घालवूं नयेत, हेंहि सांगितलें पाहिजे. डब्यावर सेकंदास १,९२,००० आंकडे अशी जाहिरात असते. माणसाच्या कानाची मर्यादा तरुणपणीं सेकंदास सुमारें २०,००० कंपनांची. वयाबरोबर ती उतरत जाते. जितकीं कंपनें टिपावयाचीं त्यांच्या दुपटीहून थोडे अधिक आंकडे पुरतात, असा गणिताचा नियम आहे. त्यामुळें ४८,००० पुरेसे होतात, आणि त्याहून अधिकानें संगणकावरील भार वाढतो. अतिजलद यूएसबीचाहि आग्रह नको. २४ बिटांच्या चार वाटांस सेकंदाला सुमारें ४६ लाख बिट लागतात, आणि यूएसबी २.० चा नाममात्र वेगच ४८ कोटि बिटांचा आहे. त्यापेक्षां धातूची डबी, अंधारांतहि हातास सांपडणारें आवाजाचें मोठें बटण आणि घट्ट बसणारी तार ह्यांकडे लक्ष द्यावें.

कार्ड कार्यक्रमापूर्वीं निदान पंधरवडा घरीं असावें. आरंभीं बफर २५६ वर ठेवून कार्यक्रमांतील सर्वांत भरगच्च गाणें वाजवावें. मग १२८ वर, जमल्यास ६४ वर यावें. जेथें चरचर ऐकूं येईल तेथून एक पायरी मागें येऊन थांबावें. त्याच तारा, तोच चार्जर व तोच लॅपटॉप घेऊन दोन तास अखंड वाजवून पाहावें. कार्यक्रमाच्या दिवशीं वाय-फाय, सूचना, आपोआप होणारी अद्ययावती आणि संगणकाची झोंप हीं सर्व बंद करावीं. प्रथम कार्ड व संगणक सुरू करावे, स्पीकर सर्वांच्या शेवटीं. बंद करतांना स्पीकर आधीं. म्हणजे धाडकन् आवाज होऊन कानांस व यंत्रास इजा होत नाहीं. आणि कांहीं झालें तरी पेटी शेजारीं असूं द्यावी. तिला वीज लागत नाहीं.

आतां घरांतल्या वादाकडे वळूं. मूल वर्षांतून एकदांच, तेंहि वसाहतीच्या मांडवांत वाजवीत असेल, तर वडिलांचें म्हणणें मान्य करावें. लॅपटॉपचें भोंक, मजबूत तार आणि साउंडवाल्याचा डी.आय. बॉक्स एवढ्यावर निभावतें, मात्र उशीर किती होतो तें आधीं वाजवून पाहिलें पाहिजे. वर्षांतून चारपांच वेळां साथीस बसावें लागत असेल, तर स्वतःचा ड्रायव्हर व दोन बॅलन्स्ड आउटपुट असलेलें मध्यम किंमतीचें कार्ड घेणें ही उधळपट्टी नव्हे. मोठें घेण्याची घाई मात्र नको. ज्या दिवशीं कार्ड आणाल त्या दिवशीं वडिलांनीं मुलाशेजारीं बसून बफरचे हे प्रयोग स्वतः ऐकावे. १,०२४ वर बोट पुढें व सूर मागें कसा राहतो हें एकदां कानांनीं अनुभवलें, म्हणजे पुढें कार्यक्रमांत कांहीं बिघडलें तर प्रथम कोठें पाहावयाचें हें त्यांस सांगावें लागणार नाहीं.

मायक्रोफोनची निवड हा स्वतंत्र विषय आहे. त्याविषयीं पुढें केव्हां तरी.