माह्या सासूचं नाव कोठी हाये?



आमच्याकडे सांजच्याला वस्तीतली माणसे अर्ज लिहून घ्यायला येतात. कोणाचा रेशनकार्डाचा, कोणाचा शिष्यवृत्तीचा. हातात कारकुनी आहे, ती समाजाच्या कामी आली तर बरेच, म्हणून आम्हीही कोणाला परत पाठवत नाही.

असेच एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. हमालीचे काम करतात. मुलगी बारावीला विज्ञान शाखेत. जात पडताळणीसाठी वंशावळीचे शपथपत्र पाहिजे होते. सोबत त्यांची म्हातारी आई होती. आम्ही विचारत गेलो, ते सांगत गेले. मुलीचा बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप. एकाखाली एक चार खाने मांडले आणि वाचून दाखवले.

म्हातारी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "एवढे बाप मांडले भाऊ, त्याइच्या माया कोठी गेल्या? माह्या सासूचं नाव कोठी हाये याच्यात?"

आम्ही हसून म्हणालो, "आजी, सरकारी कागदाला बापाकडचीच माणसं लागतात." म्हातारी पुन्हा गप्प झाली. आमचे ते हसणे किती अडाणीपणाचे होते ते पुढे कळले.

आधी कागदाची गोष्ट सांगतो, कारण ती पुष्कळ घरांना उपयोगी पडेल. आपल्या राज्यात जात प्रमाणपत्राचा आणि पडताळणीचा २००० सालचा कायदा आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्या तारखेच्या आधी आपले घराणे या राज्यात राहत होते आणि जात कोणती होती, याचा पुरावा दाखवावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. पण त्या काळी आपली किती माणसे शाळेत गेली? जी गेली नाहीत त्यांच्यासाठी आपल्या वऱ्हाडात मोठा आधार म्हणजे कोतवाल बुक. गावातल्या जन्म-मृत्यूची ती नोंदवही. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला की तिची नक्कल मिळते.

या कोतवाल बुकाकडे पाहिले की आम्हाला नेहमी एक गोष्ट टोचते. वऱ्हाडातल्या गावोगाव कोतवालकी करणारा, दवंडी देणारा, कोणाच्या घरी पोर झाले आणि कोण मेले याची वर्दी पाटलाकडे नेणारा माणूस बहुतेक ठिकाणी आपलाच होता. साऱ्या गावाच्या वंशावळीचा साक्षीदार तो. आणि त्याच्या स्वतःच्या घरची नोंद कशी? अमका वल्द तमका, जात महार, मुलगा एक. आडनाव पुष्कळदा नाहीच. पोराचे नावही नाही. लिपी मोडी. बाईचे नाव आलेच कुठल्या कागदावर तर अमक्याची जौजे म्हणून. गावाची वर्दी देणाऱ्याच्या घरची वर्दी मात्र अर्धीच राहिली.

त्या मुलीचे तसेच झाले. आजोबा शाळेत गेलेले नव्हते. दर्यापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावाची कोतवाल बुके पाहिली. आजोबांच्या जन्माच्या आगची-मागची सगळी वर्षे तपासली. नोंद नाही. बापाची तीन दिवसांची मजुरी बुडाली. मुलगी रडकुंडीला आली. आमचीही अक्कल चालेना.

शेवटी आम्ही म्हातारीकडे गेलो. ती सहज बोलून गेली, "माहा मालक त या गावात जलमलाच नाही. पयलं बायतपन मायेरी रायते ना बाप्पा! माह्या सासूचं मायेर मूर्तिजापूरकडं होतं."

आम्ही कपाळाला हात लावला. अर्ज मूर्तिजापूर तालुक्यातल्या त्या गावासाठी केला. जिल्हा अमरावतीचा अकोला झाला आणि नोंद निघाली. बापाचे नाव बरोबर, जात बरोबर, मुलगा एक. मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घेतली. ज्या बाईला आम्ही वंशावळीतून वगळले होते, तिच्या माहेरच्या गावात नातवंडा-पतवंडांचा पुरावा जपलेला होता.

त्या दिवसापासून आमच्या डोक्यात हाच विषय आहे. आपल्या घराण्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या असतात. आपल्या आज्या-पणज्यांना देवळाची पायरीच मना होती, त्यांची नावे त्या वहीत कोण लिहिणार? म्हणजे आपले आपणच लिहायला पाहिजे.

साध्या माणसांनी आपली वंशावळ स्वतः लिहिल्याचे एक उदाहरण सांगतो. जर्मनीत श्वार्झेनाऊ नावाचे खेडे आहे. १७०८ साली तिथल्या एडर नदीत अलेक्झांडर मॅक आणि इतर सात, अशा आठ जणांनी मोठ्या वयात, स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पाच पुरुष, तीन बाया. त्यांना पुढे ब्रदरन, म्हणजे बंधुजन, म्हणू लागले. तान्हेपणी दिलेला धर्म सोडून समजून-उमजून दुसऱ्यांदा दीक्षा घेणे हा तिथल्या कायद्याने गुन्हा होता. छळ झाला. १७१९ पासून ते अमेरिकेत जाऊन पेनसिल्व्हेनियात वसू लागले. ती जमीन मुळात तिथल्या आदिवासींची होती, हेही विसरून चालणार नाही. याच पंथाचे मिशनरी १८९४ साली भारतात आले आणि गुजरातेत बलसाडला व आपल्या महाराष्ट्रात डहाणूला त्यांनी काम केले. तर या ब्रदरन घराण्यांनी आपल्या वंशावळी लिहून, छापून ठेवल्या. पहिला माणूस कुठून आला, कोणत्या जहाजातून आला, कोणाशी लग्न केले, पंथात कधी आला, सगळे त्यात. घरच्या बायबलात जन्म, लग्न, मृत्यू लिहायची कोरी पाने असतात, त्यावरून हे जुळत गेले. ती घराणी काही राजेरजवाड्यांची नव्हती. शेतकरी, विणकर, गिरणीवाले, असेच लोक.

आपल्याकडे बाबासाहेबांच्याच घराण्याकडे पाहा. मालोजी सकपाळ, त्यांचे पुत्र सुभेदार रामजी, त्यांचे चौदावे अपत्य भीमराव. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, जन्म १८९१ साली महूच्या छावणीत. एवढे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण वंशावळ येथेच थांबवली तर मीरा आत्या कुठे राहिल्या? आई भीमाबाई गेल्यावर लहानग्या भिवाला सांभाळले ते रामजींच्या या बहिणीने. तुळसा आणि मंजुळा या बहिणी कुठे राहिल्या? रमाईंची गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही लेकरे एकामागून एक गेली. ती नावे लिहिली नाहीत तर रमाईंनी काय सोसले ते पुढच्या पिढीला कसे कळणार?

या वंशावळीचे एक पान आपल्या अमरावतीशीही जोडलेले आहे. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. त्याच वेळी मुंबईत त्यांचे थोरले बंधू बाळाराम वारले, आणि परिषदेने दुखवट्याचा ठराव केला. एका घरातले दुःख आणि समाजाचे काम असे एकाच मांडवात आले.

आणखी एक. रामजी बाबा कबीरपंथी होते. घरात कबीराचे दोहे म्हटले जात. मुलाने पुढे बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. म्हणजे या वंशावळीत रक्ताच्या नात्यासोबत विचाराचीही वाट दिसते.

आपल्या वऱ्हाडातल्या घरांतही अशी वाट आहे. कोणाचा पणजा कबीरपंथी होता, कोणाचा वारकरी, कोणाच्या घरी महानुभावांचा उपदेश घेतलेला होता. रिद्धपूर तर आपल्याच जिल्ह्यात. काही घरे मिशनकडे गेली. माणुसकीने वागवणारा कोणी भेटतो का, हे ती माणसे शोधत होती. गुरुभाऊ म्हणून एका पंगतीला कोणी बसवतो का, हे पाहत होती. तो शोध लपवायचे कारण नाही. तो धम्मापर्यंत येऊन पोचला, हे लिहिले पाहिजे.

आणि घर गावातून निघाले कधी, हेही लिहिले पाहिजे. १८६७ साली मुंबईहून निघालेला रेल्वेचा रस्ता अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. कापसाचा व्यापार वाढला, जिनिंग-प्रेसिंग निघाले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने गावे उठली. आपली माणसे अकोल्याच्या, अमरावतीच्या कापूस बाजारात, जिनात, बडनेऱ्याच्या रेल्वेत, पुढे अकोल्याच्या सावतराम मिलमध्ये कामाला लागली. रेल्वेपलीकडे, नाल्याकाठी पहिली झोपडी ज्याने टाकली, तो आपल्या वस्तीचा मूळ पुरुष आणि त्याच्यासोबत टोपले घेऊन आली ती मूळ स्त्री.

नावेसुद्धा इतिहास सांगतात. आपल्या कोणत्याही घरची वंशावळ मांडा. वरच्या खान्यांत उकंडा, कचरू, दगडू, भिका. खालच्या खान्यांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, प्रज्ञा. मध्ये कुठेतरी १९५६ साल आहे. उकिरड्यावरून ठेवलेले नाव आणि प्रज्ञेवरून ठेवलेले नाव, यांच्यामध्ये अवघी एक-दोन पिढ्यांची ओळ आहे.

कागदांचा घोळही तिथूनच सुरू होतो. एकाच घरात बापाच्या दाखल्यावर महार, मुलाच्या दाखल्यावर बौद्ध, पुतण्याच्या नवबौद्ध. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. धम्म घेतल्यावर चौतीस वर्षांनी! घरात नीट लिहिलेली वंशावळ असली तर हा घोळ समजावून सांगता येतो.

काही तरुण म्हणतील, आपण जन्मावरून मोठेपण मानत नाही, मग वंशावळ कशाला? प्रश्न रास्त आहे. तथागतांनीही माणसाची पारख जन्मावरून नव्हे, कर्मावरून केली. म्हणूनच आम्ही म्हणतो, वंशावळीत कर्मे लिहा. पणजा जिनात सरकी भरत होता, आजी निंदणाला जाऊन पोरे शिकवत होती, हे लिहा. ओढूनताणून कोण्या राजाशी नाते जोडू नका. खोटे मोठेपण नको आणि खऱ्याची लाजही नको.

आपल्या घराघरात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आहे. त्याच्यासोबत एक चांगली वही ठेवा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, आधी म्हातारीजवळ. प्रत्येकाचे नाव, गाव, आईचे नाव, आईचे माहेर, काम, शाळा किती, गाव कधी सोडले, धम्म कधी आणि कुठे घेतला, हे विचारा. लेकी-सुनांची नावे लेकांच्या बरोबरीने लिहा. तान्हेपणी गेलेली पोरेही लिहा. साल आठवत नसेल तर कोणत्या दुष्काळात, कोणत्या पुरात ते विचारा. जुने दाखले, नकला त्याच वहीत ठेवा. पौर्णिमेला वंदना झाली की एक पान वाचा.

त्या घरी आता अशी वही आहे. मुलीने स्वतः लिहिली. पहिल्या पानावर तिने आजीच्या सासूचे नाव लिहिले आणि पुढे तिच्या माहेरचे गाव. ते नाव आम्ही येथे देत नाही, ते त्या घरचे आहे. वाचून दाखवले तेव्हा म्हातारीने वहीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता माहं बी लिव."

आपल्या घरची म्हातारी अजून बसलेली असेल, तर आजच विचारा. उद्यावर टाकू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!