डॉक्टरला मारलेली थप्पड शेवटी कोणाला लागते?

सरकारी रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टरला मारहाण झाली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. लोक म्हणतात, ‘डॉक्टरच माजले असतील.’ डॉक्टर म्हणतात, ‘नातेवाईकच गुंड होते.’ मला दोन्ही पटत नाहीत.

निवासी डॉक्टर असताना माझीही कॉलर धरली गेली होती. रुग्ण दगावला होता. मी ते व्हरांड्यात उभ्या-उभ्या एका वाक्यात सांगितले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. कॉलर धरणाऱ्याचे चुकलेच. पण दोन मिनिटे बसून बोललो नाही, ही माझीही चूक होती. आणि एका डॉक्टरवर संपूर्ण वॉर्ड सोपवणाऱ्यांची त्याहून मोठी.

राग अचानक येत नाही, तो साठत जातो. तासन्‌तास ताटकळणे, आयसीयूचे बंद दार, प्रत्येक डॉक्टरचे वेगळे उत्तर, न परवडणारे बिल. मग एक वाईट बातमी येते आणि समोर सापडतो तो सर्वात तरुण, सर्वात दमलेला डॉक्टर किंवा सिस्टर.

महाराष्ट्रात याविरुद्ध 2010 पासून कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद. तरीही मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला मारहाणीत गंभीर इजा झाली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर रजेवर गेले. नुसता कायदा आणि दारातला गार्ड पुरत नाही. पुरेसे डॉक्टर हवेत आणि नातेवाईकांशी बोलण्यासाठी ठरलेली वेळ व जागा हवी.

मार खाल्लेल्या डॉक्टरची झोप उडते, रात्रपाळीच्या विचाराने छातीत धडधडते. पण खरी किंमत मोजतो पुढचा रुग्ण. तालुक्याच्या गावातला डॉक्टर मग गंभीर रुग्णाला हात लावायला घाबरतो आणि म्हणतो, ‘शहरात न्या.’ हार्ट अटॅकमध्ये दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. तो वेळ रस्त्यावर जातो. तो रुग्ण तुमचे वडीलही असू शकतात.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. रुग्णासोबत वीस जण नकोत. बोलायला घरातला एकच माणूस ठरवा. रोज एकदा विचारा, ‘आज तब्येत कशी आहे, पुढे काय करणार?’ तो तुमचा हक्कच आहे. शंका असेल तर केसपेपरच्या प्रती मागा. मागणीनंतर 72 तासांत त्या देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. चूक झाली असे वाटले तर मेडिकल कौन्सिल आहे, ग्राहक आयोग आहे. तिथे डॉक्टरला उत्तर द्यावेच लागते.

थप्पड मारून मात्र कोणतेच उत्तर मिळत नाही. उलट, चौकशी ज्या चुकीची व्हायला हवी होती, ती चूक त्या गोंधळात कायमची झाकली जाते.